पाचवा व्हेरियंट: डेटा डिक्शनरीतील एका रेकॉर्ड-बदलाचा प्रकरण अभ्यास

## पार्श्वभूमी

एका विमा कंपनीची मेनफ्रेमवरची (मोठ्या केंद्रीय संगणकावरची) पॉलिसी व्यवस्था. हप्ता भरला, दावा मंजूर झाला, पत्ता बदलला, वारस नेमला, असा दिवसभरातला प्रत्येक व्यवहार एकाच व्हीसॅम (आयबीएम मेनफ्रेमवरचा फाइलप्रकार) फाइलमध्ये १६० बाइटांच्या रेकॉर्डने लिहिला जाई. रेकॉर्डचे पहिले ४८ बाइट सगळ्या व्यवहारांना समान होते. पुढच्या ११२ बाइटांचा अर्थ व्यवहाराच्या प्रकारावर ठरे. त्या जागेची प्रत्येक मांडणी म्हणजे एक व्हेरियंट.

समान भाग असा होता: पॉलिसी क्रमांक १ ते १२, दिनांक १३ ते २०, त्या दिवसाचा अनुक्रमांक २१ ते २४ (बायनरी), व्यवहार प्रकार २५, शाखा २६ ते २९, ऑपरेटर ३० ते ३७, वेळ ३८ ते ४३ आणि राखीव ४४ ते ४८. पहिले २४ बाइट मिळून फाइलची की, म्हणजे रेकॉर्ड ओळखायचे मूल्य. पंचविसावा बाइट म्हणजे टॅग, व्यवहाराचा प्रकार सांगणारे अक्षर.

टॅगची मूल्ये चार होती: पत्त्यासाठी 'ए', दाव्यासाठी 'सी', वारसासाठी 'एन' आणि हप्त्यासाठी 'पी'. डेटा डिक्शनरीत, म्हणजे रेकॉर्डांच्या व्याख्या ठेवणाऱ्या मध्यवर्ती कोशात, ही चार व्हेरियंट एका रेकॉर्ड-व्याख्येखाली नोंदलेली होती. डिक्शनरी त्या व्याख्येवरून कोबोल भाषेची कॉपीबुक (प्रोग्रॅमांत जशीच्या तशी घेतली जाणारी रेकॉर्ड-व्याख्या) तयार करी. क्रमाने पहिले असलेले व्हेरियंट, म्हणजे पत्ता, सरळ लिहिले जाई आणि बाकीची तीन त्याच जागेवर रिडिफाइन्सने (त्याच बाइटांना दुसरी व्याख्या देऊन) बसवली जात. टॅग फील्डच्या वैध मूल्यांची यादी मात्र डिक्शनरीत फील्डपाशी, वेगळ्या ठिकाणी होती आणि ८८ पातळीची अटनामे (फील्डच्या ठरावीक मूल्यांना दिलेली नावे) तिच्यातून निघत. म्हणजे एक नवा प्रकार वाढवायचा तर दोन ठिकाणी हात लावायचा. हे लक्षात न घेता बदल केला की व्हेरियंट तयार असते, पण तपासणी प्रोग्रॅम त्याचे प्रत्येक रेकॉर्ड 'अवैध प्रकार' म्हणून परत पाठवतो.

## अडचण

दाव्याची रक्कम तोवर चेकने दिली जाई. ती थेट बँक खात्यात जमा करायची ठरली. त्यासाठी बँकेचा संकेतांक ११, खाते क्रमांक २०, खात्याचा प्रकार १ आणि भरणा संदर्भ १६, असे एकूण ४८ बाइट हवे होते.

दाव्याचे व्हेरियंट काठोकाठ भरलेले होते. दावा क्रमांक १२, घटनेचा दिनांक ८, कारण ३, मागितलेली रक्कम ५, मंजूर रक्कम ५, रक्कम घेणाऱ्याचे नाव ४०, चेक क्रमांक १०, शेरा २९: बेरीज बरोबर ११२. दोन्ही रकमा नऊ अंकी, चिन्हासह, पॅक्ड दशांश (एका बाइटात दोन अंक, शेवटच्या अर्ध्या बाइटात चिन्ह), म्हणून पाच-पाच बाइट. बाकीच्या तीन व्हेरियंटांत रिकामी जागा होती, हप्त्याच्या व्हेरियंटमध्ये तर तब्बल ८३ बाइट. पण व्हेरियंट रेकॉर्डात शेजाऱ्याची रिकामी जागा आपल्या कामाची नसते. प्रत्येक व्हेरियंटला तेच ११२ बाइट मिळतात आणि सर्वांत लठ्ठ व्हेरियंट सगळ्यांची लांबी ठरवते.

चेक क्रमांक आणि शेरा दोन्ही काढून टाकले तरी ३९ बाइटच मोकळे होतात. नऊ बाइट कमीच पडत होते. सगळा गुंता या नऊ बाइटांनी केला.

## समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय: आहे त्याच व्हेरियंटमध्ये काटछाट. चेक क्रमांक आणि शेरा काढायचा, नाव ४० वरून ३१ वर आणायचे, लांबी तीच ठेवायची. डिक्शनरीत पाच मिनिटांचे काम, त्यामुळे सुरुवातीला बहुतेकांचा कौल याच बाजूला होता. पण फाइलमध्ये अनेक वर्षांची 'सी' रेकॉर्डे पडून होती. नवी व्याख्या जुन्या रेकॉर्डावर बसवली की शेऱ्यातले 'कागदपत्रे अपूर्ण' हे शब्द खाते क्रमांक म्हणून वाचले जाणार. शेरा आणि खाते क्रमांक दोन्ही अक्षरी फील्ड असल्याने कोणताही प्रोग्रॅम तक्रार करणार नाही. एकाच टॅगखाली दोन अर्थ आणि कुठला अर्थ कधी लागू हे रेकॉर्ड स्वतः सांगू शकत नाही. तारखेवरून ओळखावे म्हटले, तर जुन्या तारखेच्या दुरुस्त्या नव्या प्रोग्रॅमने लिहिल्या की तोही आधार गेला. हा पर्याय बाद झाला आणि तो ठामपणे बाद करणे हाच या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय होता.

दुसरा पर्याय: रेकॉर्डच वाढवायचा. ११२ चे १६० करायचे, म्हणजे रेकॉर्ड २०८ बाइटांचा. तत्त्वतः हेच सर्वांत स्वच्छ. किंमत मात्र मोठी. भरलेल्या क्लस्टरची, म्हणजे व्हीसॅम फाइलची, रेकॉर्ड-लांबी जागच्या जागी बदलता येत नाही, नवे क्लस्टर बांधावे लागते. नुसत्या रेप्रोने (फाइलची प्रत करणाऱ्या आज्ञेने) माल हलवला तर जुनी रेकॉर्डे नव्या क्लस्टरमध्येही १६० बाइटांचीच राहतात, कारण व्हीसॅमला कमाल लांबीपेक्षा आखूड रेकॉर्ड चालते आणि रेप्रो शेपूट भरून देत नाही. त्यासाठी सॉर्ट प्रोग्रॅमच्या आउटरेक या सूचनेने ४८ रिकाम्या जागा जोडाव्या लागतात. या फाइलवर चालणारा प्रत्येक प्रोग्रॅम एकाच रात्री बदलावा लागतो. जो राहिला तो फाइल उघडतानाच स्टेटस ३९ (फाइल आणि प्रोग्रॅममधली व्याख्या जुळत नाही) देऊन थांबतो. शिवाय संग्रहातल्या टेप १६० बाइटांच्याच राहणार, म्हणजे दोन्ही लेआउट कायम सांभाळायचे.

तिसरा पर्याय: बदलत्या लांबीची रेकॉर्डे. ज्या व्हेरियंटला जेवढी जागा हवी तेवढी. यावर फार वेळ गेला नाही. अनुक्रमिक प्रतींमध्ये प्रत्येक रेकॉर्डापुढे चार बाइटांचा लांबीचा मथळा येतो आणि सॉर्टच्या कार्डांतली (सूचनांच्या ओळींतली) सगळी स्थाने चारने सरकतात. अशी कार्डे किती जॉबांत विखुरली आहेत याची यादी कोणाकडेच नव्हती.

चौथा पर्याय: नवा टॅग, नवे व्हेरियंट. दाव्याच्या रेकॉर्डाला हात न लावता बँकेचा तपशील 'बी' टॅगच्या वेगळ्या रेकॉर्डात लिहायचा. दावा क्रमांक १२ आणि नवे ४८ मिळून ६० बाइट भरतात, उरलेले ५२ फिलर, म्हणजे नाव नसलेली भरीची जागा. की तीच, फक्त अनुक्रमांक दाव्याच्या रेकॉर्डापेक्षा एकने पुढे. लांबी १६०च राहते, जुन्या रेकॉर्डांचा अर्थ बदलत नाही, संग्रह जसाच्या तसा वाचता येतो. तोटा असा की एका घटनेची दोन रेकॉर्डे होतात आणि एक लिहून दुसरे राहून गेले तर काय, हा प्रश्न उभा राहतो.

चौथा पर्याय निवडला गेला.

## डिक्शनरीतला बदल

पहिला प्रश्न: चालू व्याख्या जागच्या जागी बदलायची की नवी आवृत्ती काढायची? डीईसी कंपनीच्या व्हीएमएस या ऑपरेटिंग सिस्टिमवरच्या कॉमन डेटा डिक्शनरीत हा फरक आज्ञेतच होता. 'डिफाइन'ने त्याच नावाची नवी आवृत्ती तयार होई, तर 'चेंज' असलेलीच आवृत्ती बदलत असे. इथल्या डिक्शनरीतही दोन्ही वाटा होत्या. जागच्या जागी बदल सोपा असतो, पण त्या दरम्यान दुसऱ्याच कारणाने एखादा प्रोग्रॅम रिकंपाइल करणाऱ्याच्या पदरात अर्धवट लेआउट पडते. म्हणून नवी आवृत्ती 'चाचणी' स्थितीत काढली आणि उत्पादनातले कंपाइल जुन्या आवृत्तीला बांधून ठेवले.

दुसरा निर्णय राखीव बाइटांचा. दाव्याचा भरणा चेकने की थेट, हे 'सी' रेकॉर्डातच कळायला हवे होते, नाहीतर 'बी' असायला हवे की नको हे ठरवणार कसे? चव्वेचाळिसाव्या बाइटला 'भरणा मार्ग' असे नाव द्यायचे ठरले. राखीव जागा स्वच्छच असेल हे गृहीत धरले नाही, ते बरे झाले. फाइलची प्रत काढून सॉर्टने ४४व्या बाइटची वेगवेगळी मूल्ये पाहिली: कुठे स्पेस, कुठे बायनरी शून्य, तर काही जुन्या रेकॉर्डांत अंक. फिलरला कोणी कधी काही भरत नाही. बफरमध्ये जे असेल ते फाइलमध्ये जाते. 'डी' हे अक्षर मात्र कुठेच नव्हते. म्हणून नियम असा ठरला: ४४व्या बाइटमध्ये 'डी' असेल तरच थेट भरणा. बाकी काहीही असो, चेक. 'स्पेस म्हणजे चेक' असा नियम केला असता तर बायनरी शून्य असलेली हजारो जुनी रेकॉर्डे धड इकडची ना तिकडची झाली असती.

तिसरी गोष्ट वरवर क्षुल्लक: नवे व्हेरियंट यादीत कुठे ठेवायचे. डिक्शनरीचा संपादक नवी नोंद यादीच्या सुरुवातीला घालत असे आणि 'बी' तिथेच राहिले. कॉपीबुक तयार झाली, लांबी १६० भरली, सगळे प्रोग्रॅम विनातक्रार कंपाइल झाले. चूक होती ती या क्रमातच आणि ती कशी सापडली ते पुढे आले आहे.

लांबीच्या हिशेबाबद्दल एक टीप. कोबोलच्या नियमानुसार ०१ (संपूर्ण रेकॉर्डाची पातळी) सोडून इतर पातळीवर रिडिफाइन्स केलेला भाग मूळ भागापेक्षा मोठा असू नये, पण काही कंपायलर नुसता इशारा देऊन पुढे जातात. फिलर ५२ ऐवजी ५३ लिहिला तर रेकॉर्ड गुपचूप १६१ बाइटांचा होतो. म्हणून प्रत्येक व्हेरियंटची बेरीज कंपायलरच्या डेटा-नकाशातून तपासावी, डिक्शनरीच्या पडद्यावरून नाही.

## कोणकोणते प्रोग्रॅम गुंतलेले आहेत

डिक्शनरीच्या 'कोठे वापरले' अहवालाने ३८ प्रोग्रॅम दाखवले. हा अहवाल खरा होता, पण अपुरा. कॉपीबुक डिक्शनरीतून घेऊन कंपाइल झालेल्यांचीच त्यात नोंद असते. पुढच्या तीन जागा त्याला दिसत नाहीत.

एक, सॉर्टची कार्डे. तिथे फील्डचे नाव नसतेच, '२५व्या स्थानी एक बाइट' एवढेच असते. दोन, अहवाल काढायची साधने, ज्यांत लेआउट पुन्हा हाताने लिहिलेले असते. तीन, कोणीतरी कधीकाळी कॉपीबुकचा मजकूर थेट प्रोग्रॅममध्ये उतरवून घेतलेला असतो.

म्हणून सोर्स आणि जेसीएल (जॉब चालवायच्या सूचना) लायब्ररींत मजकूर-शोध घेतला: फाइलचे नाव, टॅग फील्डचे नाव आणि सॉर्ट कार्डांतले २५ हे स्थान. आणखी नऊ ठिकाणे निघाली. त्यांत सर्वांत धोक्याची होती नकारार्थी अट असलेली कार्डे. 'सी असेल तर घे' असे लिहिलेले कार्ड नव्या टॅगला आपोआप बाहेर ठेवते. 'ए नसेल तर घे' असे लिहिलेले कार्ड कोणत्याही नव्या प्रकाराला बिनबोभाट आत घेते.

कोबोलमध्ये याचाच भाऊ म्हणजे शेवटचा एल्स ('नाहीतर'). 'पी असेल तर हप्ता, सी असेल तर दावा, ए असेल तर पत्ता, नाहीतर वारस' ही रचना चार प्रकार असेपर्यंत बिनचूक चालते. पाचवा येताच तो वारस ठरतो. सापडलेल्या अशा सर्व ठिकाणी इव्हॅल्युएट (प्रत्येक मूल्याची वेगळी शाखा लिहिणारी आज्ञा) घालून चारही प्रकार नावाने लिहिले, 'बी' वाढवला, आणि 'व्हेन अदर' (यांपैकी काहीच नाही) ही शाखा फक्त चुकीच्या रेकॉर्डांसाठी ठेवली.

## चाचणीत सापडलेला दोष

चाचणीची पद्धत साधी होती. एका दिवसाचे खरे इनपुट घ्यायचे, ज्यात एकही थेट भरणा नाही. ते जुन्या आणि नव्या कंपाइलच्या प्रोग्रॅमांतून वेगवेगळे चालवायचे. दोन्ही फाइली अनुक्रमिक प्रतींत उतरवून बाइटागणिक ताडून पाहायच्या. समान भागात फरक अपेक्षित होता तो फक्त ४४व्या बाइटवर, कारण आता त्याला नाव मिळाले होते. व्हेरियंटच्या भागात काहीच फरक यायला नको होता.

आला. काही 'सी' रेकॉर्डांत १३२ ते १६० या बाइटांत, म्हणजे नेमका शेऱ्याच्या जागी, मजकूर वेगळा होता. जुन्या आउटपुटमध्ये शेरा रिकामा. नव्यात तिथे आधीच्या दाव्याचा शेरा, दुसऱ्याच पॉलिसीधारकाचा.

कारण इनिशलाइझमध्ये, म्हणजे फील्डांत कोरी मूल्ये भरणाऱ्या आज्ञेत होते. लिहिणारे प्रोग्रॅम प्रत्येक रेकॉर्डाआधी संपूर्ण ०१ गटावर इनिशलाइझ करत. ही आज्ञा रिडिफाइन्सने बसवलेले भाग वगळते आणि फिलरलाही हात लावत नाही. व्हेरियंटच्या जागेत ती फक्त पहिल्या व्याख्येतली, नाव असलेली फील्डे भरते. आधी पत्ता पहिला होता. त्याच्या १०० बाइटांच्या ओळी आणि १० बाइटांचा पोस्टल कोड मिळून ११० बाइट स्पेसने पुसले जात, दोन बाइटांचा फिलर तेवढा राही आणि तो कोणाच्या डोळ्यांत येत नसे. 'बी' पहिला झाल्यावर नावाची फील्डे उरली ६० बाइटांची. मागचे ५२ बाइट कोणी पुसेना. ज्या दाव्यात शेरा लिहिला गेला नाही, तिथे मागचाच राहिला.

दुरुस्तीचे दोन मार्ग होते. व्हेरियंटचा क्रम बदलून पत्ता पुन्हा पहिला आणायचा, किंवा प्रत्येक लिहिणाऱ्या प्रोग्रॅममध्ये व्हेरियंटचा पूर्ण भाग आधी स्पेसने भरून मग रकमांच्या फील्डांत शून्य घालायचे. दुसरा मार्ग योग्य होता, पण लिहिणारे प्रोग्रॅम बरेच होते आणि वेळ थोडा. पहिला मार्ग घेतला, 'बी' यादीच्या शेवटी हलवले आणि डिक्शनरीतल्या टिपणात स्पष्ट लिहून ठेवले की पत्त्याचे व्हेरियंट पहिल्या जागेवरून हलवू नये, आणि का. ही तडजोडच होती. प्रोग्रॅमचे वर्तन व्हेरियंटच्या क्रमावर अवलंबून असणे ही डिक्शनरीने लपवून ठेवायची बाब नव्हे.

याच अनुषंगाने आणखी एक. पत्ता पहिला असल्याने इनिशलाइझनंतर वारसाच्या हिश्श्याचे तीन पॅक्ड बाइट स्पेसने भरतात, म्हणजे हेक्स ४०४०४०. शेवटचा निबल (अर्धा बाइट) शून्य, जो चिन्ह म्हणून चालत नाही. त्या फील्डवर गणित केले की एस०सी७ ॲबेंड (अवैध अंकामुळे प्रोग्रॅम कोसळणे) ठरलेला. जुन्या प्रोग्रॅमांत हिश्श्यात न चुकता शून्य घालणारी ओळ होती ती याचसाठी. ती 'अनावश्यक' म्हणून काढायचा मोह परीक्षणात एकदा झालाच होता.

## प्रत्यक्ष अंमलबजावणी

क्रम असा ठेवला: आधी वाचणारे, मग लिहिणारे.

१. टॅगची वैध मूल्ये आणि नवे व्हेरियंट असलेली आवृत्ती उत्पादन स्थितीत आणली.

२. तपासणी प्रोग्रॅम आणि वाचणारे सर्व प्रोग्रॅम रिकंपाइल करून बसवले. फाइलमध्ये तेव्हा एकही 'बी' नव्हते, त्यामुळे काही बिघडले असते तर जुने लोड मॉड्यूल (कंपाइल झालेला प्रोग्रॅम) परत ठेवणे एवढेच काम होते.

३. दोन आठवड्यांनी लिहिणारे प्रोग्रॅम बसवले, पण थेट भरण्याची सोय बंद ठेवून.

४. ती सोय एका शाखेपुरती उघडली. शाखेचा संकेतांक समान भागातच असल्याने हे एका अटीने जमले.

उलट क्रमाने, म्हणजे लिहिणारे आधी बसवले असते, तर मागे फिरणे अवघड होते. 'बी' रेकॉर्डे एकदा फाइलमध्ये उतरली की जुना प्रोग्रॅम परत आणून उपयोग नाही. त्याला ती वाचावीच लागणार.

## काय बिघडले

महिनाअखेरीला वारसांचा अहवाल एस०सी७ने कोसळला. हा प्रोग्रॅम दुसऱ्या विभागाचा होता. लेआउट त्यात हाताने उतरवलेले आणि फाइलला त्यांनी दिलेले नाव वेगळे, त्यामुळे तो ना डिक्शनरीच्या अहवालात दिसला ना मजकूर-शोधात. आत तोच शेवटचा एल्स.

डंपमधले (कोसळतानाच्या मेमरीच्या छापातले) बाइट पाहिले की गोष्ट लगेच कळते. वारसाचा हिस्सा व्हेरियंटच्या ५१ ते ५३व्या बाइटांत, रेकॉर्डाच्या ९९ ते १०१मध्ये. 'बी' रेकॉर्डात त्याच जागी भरणा संदर्भाचे सातवे ते नववे अक्षर. संदर्भ अंकी होता, म्हणजे तिथे एफ४ एफ७ एफ२ अशा धाटणीचे बाइट. पॅक्ड म्हणून वाचताना अंकाच्या जागी एफ येतो आणि चिन्हाच्या जागी २. दोन्ही अवैध, बेरजेच्या सूचनेवर डेटा एक्सेप्शन.

ॲबेंड झाला हे नशीब. हिश्श्याचे फील्ड अक्षरी असते तर अहवाल पूर्ण छापून निघाला असता आणि वारसाच्या नावाच्या ४० बाइटांत दावा क्रमांक, बँकेचा संकेतांक आणि खाते क्रमांकाचे पहिले १७ अंक छापले गेले असते.

तात्पुरता उपाय त्याच रात्री झाला. अहवालाआधी सॉर्टची एक पायरी घालून २५व्या स्थानी 'बी' असलेली रेकॉर्डे वगळली आणि जॉब पुन्हा चालवला. नंतर तो प्रोग्रॅम डिक्शनरीच्या कॉपीबुकवर आणला.

दुसरा बिघाड निमूट होता. दैनिक शाखावार तक्त्यात दाव्यांची संख्या 'हप्ता, पत्ता आणि वारस सोडून उरलेले' अशी मोजली जात होती. हा प्रोग्रॅम शोधात सापडला होता, रिकंपाइलही झाला होता, पण मोजणीची ओळ एल्समध्ये नसून वजाबाकीत होती आणि एल्स शोधणाऱ्या नजरेतून निसटली. प्रायोगिक शाखेच्या प्रत्येक थेट भरण्यामागे दावे दोन मोजले जात राहिले. शाखा लहान, आकडे लहान, दुप्पट होऊनही संशय येण्याजोगे नव्हते. दाव्यांच्या संख्येचा रकमेशी मेळ घालणाऱ्या लेखा विभागाने तो दाखवून दिला. एका शाखेपुरते सुरू केल्याने पहिल्या बिघाडात नुकसान मर्यादित राहिले. त्याच लहानपणाने दुसरा बिघाड झाकला.

## परिणाम

दोन्ही दुरुस्त्यांनंतर सोय सर्व शाखांना उघडली. फाइल पुन्हा बांधावी लागली नाही, संग्रहातल्या टेप आजही त्याच कॉपीबुकने वाचता येतात.

जोडीचा प्रश्न दोन प्रकारे सोडवला. ऑनलाइन मंजुरीत 'सी' आणि 'बी' एकाच सिंकपॉइंटमध्ये (एकत्रच पक्क्या होणाऱ्या बदलांत) लिहिले जातात आणि फाइल रिकव्हरेबल असल्याने मध्येच व्यवहार तुटला तर दोन्ही मागे घेतली जातात. रात्रीच्या बॅचमध्ये ही सोय नव्हती. तिथे प्रोग्रॅम आधी 'बी' लिहितो, मग 'सी'. क्रम मुद्दाम उलटा: मध्येच जॉब पडला तर मागे राहते ते एकटे 'बी', ज्याच्यावर कोणीही पैसे देत नाही. शेवटी जोडी-तपासणीचा जॉब चालतो. 'डी' असलेले पण पुढचा अनुक्रमांक नसलेले 'सी', आणि मागे दावा नसलेले 'बी', अशा दोन याद्या तो काढतो. पहिली यादी रिकामी नसेल तर भरण्याची फाइल बँकेकडे जात नाही.

## वेगळे काय करता आले असते

वाचणारे प्रोग्रॅम बसवल्यावरचे दोन आठवडे शांततेत गेले, पण त्या शांततेला फारसा अर्थ नव्हता. फाइलमध्ये 'बी' नसताना कोणता प्रोग्रॅम 'बी'वर अडखळतो हे कळणारच नव्हते. त्याच काळात दैनिक, मासिक आणि वार्षिक असे सर्व जॉब चाचणी प्रतीवर चालवून, त्या प्रतीत मूठभर बनावट 'बी' रेकॉर्डे पेरली असती तर वारसांचा अहवाल तिथेच कोसळला असता. दुसऱ्या विभागाचे जॉब शोधायला सोर्स धुंडाळण्यापेक्षा डेटासेट कोण उघडतो हे पाहणे जास्त खात्रीचे. सिस्टिमच्या एसएमएफ नोंदींत (आपोआप होणाऱ्या कामकाज-नोंदींत) व्हीसॅमसाठी ६४ आणि अनुक्रमिक फाइल वाचण्यासाठी १४ प्रकारची रेकॉर्डे असतात आणि त्यांत जॉबचे नाव मिळते. सोर्स कुठेही असो, हाताने उतरवलेले लेआउट असो, फाइल उघडली की नोंद झालीच. मात्र ही चाळणी निदान एका महिनाअखेरीवरून लावायला हवी. वार्षिक जॉबांसाठी वर्षअखेरीवरून.

मोजणीसाठी वेगळी कसोटी लागते. पेरलेल्या प्रतीवरच्या प्रत्येक अहवालातून टॅगवार संख्यांची बेरीज काढायची आणि ती सॉर्टने थेट २५व्या बाइटवर मोजलेल्या संख्येशी ताडायची. वजाबाकीने मोजणारा तक्ता यात पहिल्याच फेरीत उघडा पडतो.

टॅगचा नवा अर्थ लावण्याआधी 'व्हेन अदर' शाखा सर्व प्रोग्रॅमांत बसवणे हे स्वतंत्र, आधीचे काम म्हणून करायला हवे होते. इथे ते त्याच बदलात मिसळले, त्यामुळे चाचणीत फरक दिसला की तो नव्या व्हेरियंटमुळे की नव्या इव्हॅल्युएटमुळे, हे प्रत्येक वेळी उकलावे लागले.

दुसरा पर्याय, रेकॉर्ड २०८ बाइटांचा करण्याचा, कायमचा मिटलेला नाही. 'बी'मध्ये ५२ बाइट शिल्लक आहेत. मंजुरी देणाऱ्याची ओळख किंवा परत आलेल्या भरण्याचे कारण तिथे मावेल, आणि वाढ फिलरमधून होणार असल्याने 'बी'च्या जुन्या रेकॉर्डांत त्या जागी आज काय पडले आहे याची ४४व्या बाइटसारखीच तपासणी आधी करावी लागेल. दाव्याच्या स्वतःच्या व्हेरियंटमध्ये मात्र एकही बाइट उरलेला नाही. तिथे पुढची मागणी आली तर आणखी एक जोडरेकॉर्ड काढून दाव्याचे तीन तुकडे करण्यापेक्षा लांबी वाढवण्याचा खर्च तेव्हाच उचलणे स्वस्त पडेल. तोपर्यंत लिहिणाऱ्या प्रोग्रॅमांतून इनिशलाइझवरचे अवलंबन काढण्याचे काम यादीत वर घेतले आहे, कारण नव्या लांबीच्या लेआउटमध्ये व्हेरियंटचा क्रम पुन्हा मांडावाच लागेल.